पोस्टरात कोंडलेली मदत

मंडळी, एक सवाल टाकतो. उत्तर मिळेपर्यंत हातातल्या चिपळ्या खाली ठेवणार नाही! तुम्ही मदत घेऊन दारात बसलात, पण गरजवंताला तुमचं दारच सापडलं नाही — तर तिला मदत म्हणायचं का? माना डोलवू नका, ऐका.

कानडगावची अनुसया धोत्रे. नवरा दगडखाणीत होता, छातीत धूळ बसली, गेला. बाई रडत बसली नाही! समिती काढली. खाणीतल्या माणसाला खोकला लागला की कुठला दवाखाना, कुठली तपासणी — सगळं फुकट सांगायचं. वेबसाइटसुद्धा काढली!

उघडली की काय दिसायचं? एक भलंमोठं पोस्टर! मधोमध अध्यक्ष तात्याबा चौगुले, डोळ्यांवर गॉगल. भोवती अठरा पदाधिकारी. कोपऱ्यात वाघ. वाघ कशाला? — खोकला पळवायला! वर नाव, 'व्यवसायजन्य फुफ्फुसविकारग्रस्त श्रमिक संघर्ष समिती'. हे म्हणेपर्यंत धडधाकट माणसाला दम लागेल! आणि मदतीची माहिती? तळाला, वाघाच्या पंजाखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत.

हसताय? तुमच्या चौकातली पोस्टरं आठवा आधी!

वर्ष गेलं. परगावचा एक फोन नाही. अनुसयेला वाटायचं, लोकांनाच गरज नसेल.

मग एका दुपारी डोंगरापलीकडून कमल देवकर आली. नवरा बाहेर रिक्षात, गुडघ्यावर हात टेकून श्वास ओढतोय.

"तीन महिने चूर्ण दिलं, ताई."

"कुठलं चूर्ण गं?"

"मोबाइलला बोलून इचारलं — मालक खाणीत जात्यात, खोकला थांबंना, काय करू? पयला चूर्णवालाच आला. 'खाणीचा खोकला एकवीस दिवसांत बंद!' कुणीतरी सांगितलं म्हणून आता तुमच्याकडं आले."

"आणि आमची वेबसाइट?"

"न्हाय दिसली, ताई. लई खाली जाऊन बघितलं."

मंडळी, त्या माणसाला आज अंगण ओलांडायला दम पुरत नाही. ते तीन महिने कुणी खाल्ले? चूर्णवाल्यानं? हो! पण वाघानंही खाल्ले. वाघ पाळणाऱ्यांनीही खाल्ले!

अनुसया तडक तालुक्याला गेली. तिथं सेवा केंद्रात नसीमताई लोकांचे फॉर्म भरते.

"आम्ही दिसत का नाही, ते सांग."

"आपा, तुमचं सगळं फोटोत कोंडलंय. शोधणाऱ्या यंत्राला साधी लिहिलेली अक्षरं लागतात. आणि 'व्यवसायजन्य' कोण म्हणतं हो? तुमचे मालक काय म्हणायचे?"

अनुसया म्हणाली, "म्हणायचे, अनू, आत हवाच जात नाही."

"मग तेच लिहा."

आठ दिवस बाई वही घेऊन सरकारी दवाखान्याच्या रांगेत बसली! कानावर पडेल ते, पडेल तसं उतरवलं. 'थुंकीत रक्त दिसलं, कुठं जाऊ?' 'खाण सोडली तरी दम का लागतो?' एकेका प्रश्नाचं एकेक पान. वर प्रश्न, खाली डॉक्टरांकडून तपासून घेतलेलं उत्तर, गावांची नावं, फोन नंबर. मग पायाला भिंगरी लावून फिरली. कामगार संघटना, ग्रामपंचायती, दवाखाने — 'तुमच्या वेबसाइटवर आमचा पत्ता द्या'.

नसीमताईनं विचारलं, "चूर्णवाल्यानं खोट्या नावांनी स्वतःची तारीफ लिहिलीय. आपणही लिहायची? पटकन वर जाऊ."

"खोटं वाचूनच कमल फसली. मी उशिरा वर जाईन, पण खरी जाईन!"

आणि तात्याबा? गरजले! "माझा फोटू कुठाय? मी अध्यक्ष हाय!"

"तात्या, आजारी माणूस तुमचं तोंड शोधत नाही. फोटो नाही लावणार, नंबर लावते तुमचा. उचलाल?"

तात्याबांनी गॉगल काढला. पुसून खिशात ठेवला. "लाव."

दोन महिने काही नाही. अनुसया पानं लिहीतच राहिली. एका सकाळी तात्याबा न्हाव्याकडं, अर्ध्या गालाला फेस. फोन वाजला. लांबच्या जिल्ह्यातली बाई.

"दादा, मालकांच्या थुंकीत कालपासून रक्त येतंय. मोबाइलला इचारलं, तर तुमीच पयले आला."

"आणि चूर्णवाला?"

"त्यो खाली हाय."

तात्याबा फेसासकट उभे राहिले! "चूर्ण घेऊ नका, बाई! आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखाना गाठा. कुठला तालुका? सांगा, मी धरून आहे फोन!"

कालपासून, मंडळी! तीन महिन्यांनी नव्हे — कालपासून!

आता वळा मागं. सगळे वळा! हा आपल्या अन्नछत्राचा फलक. बत्तीस चेहरे मोजलेत मी. जेवण किती वाजता? कुठल्या दारानं? कुणाला मिळतं? एक अक्षर नाही! काल एसटी स्टँडवरून आलेली एक म्हातारी उपाशी बसली होती, या फलकाच्या बरोब्बर खाली. मला विचारते, "बाबा, हे सगळे निवडणुकीला उभे आहेत का?"

देव तुमचा चेहरा शोधत नाही रे! भुकेलं माणूस तुमचं दार शोधतंय!

आरती थांबेल. तो खडू आणा. फलक उलटा करा, मागची बाजू कोरी आहे. लिहा, ठसठशीत — 'इथे जेवण मिळतं. दुपारी बारा. सगळ्यांना.'

लिहिलंत? स्टँडवरून दिसेल असं उभं करा. हां. आता वाजवा टाळ!