नितेशसाठी गाऱ्हाणं

नाही, ताई, हे रेकॉर्डिंगही नीट नाही आलं. पुसून टाका. तिसरी खेप झाली ना – कळतंय मला, तुमचं गिऱ्हाईक खोळंबलंय. त्यांच्या मोबाइलला काच बसवून द्या आधी, मी बसतो स्टुलावर. मला मुलुंडात दुसरं काय काम आहे. फक्त साडेसातच्या आत झालं पाहिजे. आपले साडेसात म्हणजे तिकडे कॅनडात सकाळचे दहा. दहाला नितेश शपथ घ्यायला घरातून निघणार – माझा मुलगा. हात वर करायचा आणि तिकडच्या राजाच्या नावानं बोलायचं, झालं, माणूस तिकडचा. मग आपला पासपोर्ट परत द्यायचा. 'बाबा, नुसता कागद आहे तो,' म्हणतो. असेल. मला कागदातलं काय कळतंय.

तुम्ही घाटावरच्या, तुमच्यात गाऱ्हाणं नसतं. आमच्या मालवणकडे कुठलंही काम काढलं की नारळ ठेवायचा आणि घरातल्या मोठ्या माणसानं उभं राहून देवाला मोठ्यानं सांगायचं – बाबा रे, असं असं काम आहे, सांभाळून घे. तो एकेक वाक्य म्हणणार, जमलेले 'व्हय म्हाराजा' म्हणणार. पुस्तकात बघून नाही. मनात असेल ते तोंडात येतं. मी चौथी शिकलोय, पण चाळीत कुणाचं लग्न असो, कुणाला नोकरी लागो, मलाच बोलवायचे. आता नितेश म्हणतो, 'बाबा, तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, मी ऐकून मगच घरातून निघणार.'

घरी का नाही केलं? घरी जानकी आहे ना, माझी मंडळी. बेचाळीस वर्षं ऐकतेय मला – आवाज जरासा हलला तरी हातातलं काम टाकून बघते. आज तिनं शिरा केलाय, मजल्यावर वाटत फिरतेय. तिच्यासमोर नको. म्हटलं, तुमच्याकडे येऊन करावं. तुम्ही परक्या. म्हणजे – वाईट वाटून घेऊ नका.

घसा चांगला आहे माझा. पाणी नको. घसा चांगला आहे, तेच तर.

आता तुम्ही एवढा वेळ दिलात म्हणून सांगतो, हे कुणाला ठाऊक नाही. अकरा वर्षं झाली. नितेशनं व्हिसाचा अर्ज टाकला तेव्हा घरात पंचवीस-तीस माणसं जमली होती. मी गाऱ्हाणं घातलं. तोंडानं सगळं बरोबर म्हटलं – आणि पोटात म्हटलं, देवा, नको होऊ दे. एवढंच. लोक इकडे 'व्हय म्हाराजा' म्हणतायत, त्यांना काय माहीत ते कशाला व्हय म्हणतायत. महिन्याभरानं नकार आला. कारण इंग्रजीत लिहिलं होतं, मला कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती. पोरगा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जमिनीवर बसला तो दोन दिवस उठला नाही. पाणी कुणी नेऊन दिलं? मी. पाठीवरून हात कुणी फिरवला? मीच. 'बाबा, तुमचं गाऱ्हाणं कधी फुकट जात नाही, माझ्याच वेळी देव झोपला काय,' म्हणाला. हसला पण. हसल्यावर मला जास्त लागलं.

दुसऱ्या वर्षी परत अर्ज टाकला तेव्हा मी घसा बसल्याचं सोंग केलं. शेजारच्या भाऊला म्हटलं, तू घाल. आमच्याच गावचा, साधा माणूस, मन स्वच्छ. त्यानं अडखळत अडखळत घातलं – आणि व्हिसा आला. मग तुम्हीच सांगा. तेव्हापासून नितेशचं काहीही असलं, नोकरी बदलायची, घर घ्यायचं, मी भाऊलाच पुढे करायचो. भाऊ गेला गणपतीच्या आधी. आता मी एकटाच.

तुम्ही म्हणाल, सरळ मनापासून म्हणा की. सकाळपासून तेच करतोय हो. आंघोळ केली, दिवा लावला, मनाला समजावलं – पोरगा सुखात आहे, तुला काय पाहिजे म्हाताऱ्या. मन हो म्हणतं. गाऱ्हाण्याला उभा राहिलो की पोटातून तेच वर येतं. पासपोर्ट आपला आहे तोवर माणूस कामाला गेलाय. पासपोर्ट दिला की बिऱ्हाडच हललं. आम्ही चाकरमानी, आम्हाला एवढं कळतं. मी गाव सोडला तेव्हा बापाला म्हटलं होतं, गिरणीत चार वर्षं काढतो आणि येतो. गिरणी बंद पडली. बापानं घरापुढच्या खळ्यात मांडव घातला, मी येणार म्हणून – आणि मी मरोळला वॉचमन लागलो. त्यानं पण माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं असेल ना दरवर्षी. पोटात काय म्हणाला असेल, कधी विचारलं नाही मी.

वाजतोय? माझाच आहे. बघा ना कोण – नितेश? द्या. नाही, स्पीकरवर असू दे, मला तसं ऐकू येतं.

हां, बोल रे. झाला तयार? कोट घातलास, बरं. थंडी आहे? … अरे, करतच होतो, ह्या दुकानातल्या ताई मदत करतायत, जरा मशीनचं – आता? फोनवरच? आणि व्हय कोण म्हणणार, इथे तर कोणी – तू? तू म्हणणार?

बरं. थांब, चप्पल काढतो.

बा देवा रवळनाथा… ऐकलंत ताई, व्हय म्हणतोय. तिकडून. अगदी भाऊसारखं म्हणतोय. … हो हो, पुढे घेतो. ह्या तुझा लेकरू परमुलखात आसा… आज तेचा मोठा काम आसा… तेच्या वाटेत जो कोण आडवो इलो आसात, तेका बाजूक…

आहे रे. फोन नाही कटला. आहे मी इथेच.

नितेश, बाळा, असं कर. तू व्हय म्हण आधी. राहिलेलं मी मागून म्हणतो.