डोरीनचा हुकूम

विस्कॉन्सिनमधली शुक्रवारची संध्याकाळ. डोरीनच्या खानावळीबाहेर तळलेल्या माशांसाठी रांग, आणि माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं.

“कोर्टाचा निकाल लागला, लॅव्हर्न. साथ असली तरी गव्हर्नरला एकट्याच्या मर्जीनं मास्कसक्ती वाढवत बसता येणार नाही, विधिमंडळाची संमती लागेल. सुटलो एकदाचे.”

“मग तोंडावर मास्क कशाला चढवतोयस, आर्विड?”

“डोरीनची पाटी बघ. मास्क नसेल तर आत यायचं नाही.”

“तिनं कुणाची संमती घेतली?”

“तूच विचार.”

“मी नाही बाई. मासा खारट झालाय म्हटलं, तर थंडीभर दाराजवळ बसवलं होतं तिनं.”

“तेच तर. गव्हर्नरला आवरायला कोर्ट आहे.”

“तरी तू खुशीत दिसतोयस.”

“तुझी छाती ही अशी दम्यानं पोखरलेली. पाटी दिसली, तेव्हा खरा सुटलो.”