एकतीस बादल्या पाण्याबाबत

‘विषय – कै. सरिता सावळीराम बोरस्ते यांच्या नावे असलेला व बंद करण्यात आलेला मोबाईल क्रमांक अर्जदारास परत मिळणेबाबत. संदर्भ – अर्जदाराचाच दिनांक चार मार्च रोजीचा अर्ज, ज्यान्वये सदर क्रमांक बंद करण्याची विनंती केली होती.’ – असं आहे काम. तुम्ही विचारलंत म्हणून वाचून दाखवलं, ताई, नाहीतर या मोबाईलच्या ऑफिसात कोण कोणाला विचारतं. हो, दोन्ही अर्ज माझेच. आधी बंद करा, मग परत द्या. कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर सदतीस वर्षं काढली, अशा अर्जदारांना आम्ही चहाच्या वेळी हसायचो.

तुमचा खेळ चालू द्या – लपवता कशाला. रंगीत गोळ्या जुळवायच्या, तोच ना? बरा आहे तो, बोलता बोलता खेळता येतो, डोकं मध्ये येत नाही. मीही खेळतो. रोज, नियमित, सकाळी नऊ ते अकरा आणि दुपारी चार ते सहा. तुम्हाला काय वाटलं, रिटायर झालेली माणसं ग्रंथ वाचतात? वाचले. वाचून झाले. आता पत्ते. कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सहा महिने त्यावर पत्त्यांखेरीज काही नव्हतं – कामाचं सॉफ्टवेअर मुंबईहून यायचं होतं, पत्ते आधीच आलेले. देवराम म्हणून माझ्या शेजारच्या टेबलावर होता, तो त्यात इतका तरबेज झाला की संगणक येणारा कर्मचारी म्हणून त्याला वरची जागा मिळाली. मी अजून तोच खेळतो. हरलो तर कोणाला कळत नाही, जिंकलो तर पत्ते उड्या मारतात, बाकी काही होत नाही. त्याच्याच जोडीचा तो सुरुंगांचा – चौकोन उघडायचा, आकडा सांगतो की शेजारी किती सुरुंग आहेत. आमच्या साहेबांच्या खोलीत जाताना तसा आकडा कोणी सांगितला नाही. नवीन म्हणाल तर गाडीचा – वेदिकानं, म्हणजे मुलीनं, पुण्याहून आली तेव्हा घालून दिला. अडीचशेचा वेग आणि समोरून कोणी नाही. रोज द्वारकेचा चौक पायी ओलांडणाऱ्या माणसाला तो खरा कसा वाटावा. बंदुकीचाही आहे – शंभर माणसं विमानातून उतरतात, एकमेकांना मारतात, शेवटी एक उरतो. मी पहिल्या दिवशी एका घरात शिरलो, दार लावून बसलो. कोणी आलंच नाही. एकोणिसावा आलो – काहीही न करता, निव्वळ सेवाज्येष्ठतेनं.

हसा, हसा. हिलाही हसू यायचं. ही म्हणजे सरिता, आमची मंडळी. या फेब्रुवारीत गेली. – नाही, ठीक आहे. फारसं काही वाटत नाही, तेच डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले वाटेल हळूहळू. अजून तरी नाही.

तर शेतीचा खेळ. तो माझा नाही, हिचा. माहेर घोटीचं, भाताच्या चिखलात वाढलेली, लग्न करून सिडकोत दुसऱ्या मजल्यावर आली. तीन वर्षं टॅबवर शेती करत होती – वांगी, भोपळे, एक बदक. मी म्हणायचो, खऱ्या लावणीतून सुटलीस आणि आता खोटी करतेस. ती म्हणायची, ‘यात कंबर दुखत नाही.’ त्या खेळात विहीर असते, पण आपलं पाणी आपल्याला काढता येत नाही, शेजाऱ्यानं द्यावं लागतं. शेजारी म्हणजे दुसरा कोणीतरी खेळणारा. म्हणून तिनं माझ्या फोनवरही तो घातला, मला शेजारी म्हणून नोंदवलं आणि रोज एक मागणी पाठवायला लागली – ‘सरिता यांनी एक बादली पाणी मागितले आहे.’ खाली दोन बटणं. द्या, आणि नंतर. मी ‘नंतर’ दाबायचो. आतल्या खोलीतून म्हणायची, ‘अहो, पाणी द्या की.’ मी म्हणायचो, अर्ज मिळाला, यथावकाश विचार होईल. चेष्टा हो. तिला कळायची. – कळत असावी. शेवटच्या महिन्यात दवाखान्यातूनही पाठवायची, तेव्हा मी फोन उघडतच नव्हतो, धावपळ होती.

आणि आता माझी हुशारी ऐका. तेराव्याच्या आत मी सगळी कागदपत्रं संपवली. रेशनकार्ड, गॅस, बँक, मतदार यादी, हा नंबर – दाखल्याच्या पंचवीस प्रती काढून सगळीकडे देऊन आलो, पोच घेतली. लोक वर्षवर्ष घोळ घालतात, माझ्याकडे तेरा दिवसांत एक प्रकरण शिल्लक नाही. वेदिका म्हणाली, ‘बाबा, आईचा नंबर तरी राहू द्यायचात.’ मी म्हटलं, मयत व्यक्तीच्या नावे सुविधा चालू ठेवणं नियमबाह्य आहे. असं म्हणालो. मुलीला.

सप्टेंबरात एकदा तो खेळ उघडला, तर त्या शेवटच्या महिन्यातल्या मागण्या तशाच पडलेल्या. एकतीस. सगळ्या दिल्या – द्या, द्या, द्या, अंगठा दुखेपर्यंत. खेळ म्हणतो, पाणी पाठवले आहे, शेजाऱ्याने आपले शेत उघडून स्वीकारावे, एकतीस डिसेंबरनंतर रद्द होईल. म्हणजे तिचं शेत उघडायला हवं. टॅब काढला, तर तो म्हणतो, ओळख पटवा, तुमच्या नंबरवर कोड पाठवलाय. कोणत्या नंबरवर – मी बंद केला त्या.

फोन लावून पाहिला. लागला. ‘कोन हाय?’ – बाईचा आवाज. त्या नंबरवर, बाईचा आवाज. ती म्हणाली, ‘आवाज नाय येत, टेकाडावं जाते, थांबा हां,’ आणि खरंच चढायला लागली, धाप ऐकू येत होती. मी थांबलो. मग ठेवून दिला. पुढच्या गुरुवारी परत लावला. त्याच्या पुढच्याही. – कशाला म्हणजे, चौकशी.

शेवटी तिचा नवरा बोलला, मंगळू. सुरगाण्याकडचे, ती भागीबाई. नंबर त्यांना रीतसर मिळालेला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘म्हंजी काकूंच्या शेतात जायचं हाय तुमाला.’ म्हटलं, हो. ‘मंग मागवा कोड, सांगतो.’ पण पाड्यावर रेंज नाही आणि कोड दहा मिनिटांचा. संध्याकाळी टेकडीवर गेला तेव्हा तीन एकदम आले, तिन्ही मुदत संपलेले. तरी तिन्ही वाचून दाखवले त्यानं, एकेक आकडा सावकाश. मीही लिहून घेतले. मग खेळ म्हणाला, फार वेळा मागितलात, आता नंबर तुमच्या नावावर असल्याचा कागद दाखवा. तर मंगळू जीप पकडून इथं आला, ना-हरकत लिहून सही केली – हे बघा, जोडपत्र दोन. म्हणाला, ‘घ्या काका, आमाला दुसरं कार्ड मिळंल.’ चहा घेतला आणि गेला.

काल गुरुवार. लावला. आता ओळखते ती, ‘बरं हाय ना काका?’ म्हणते. बोलता बोलता म्हणाली, द्राक्षांच्या कामाला जायचंय पिंपळगावकडे, मुकादमाचा फोन यायचाय. मुकादम नवा, बाजारात भेटला, हाच नंबर लिहून घेऊन गेला, त्याचा ठावठिकाणा कोणाला माहीत नाही. गेल्या साली फोन नव्हता तर त्यांना सोडून बाकीच्या नवरा-बायकोच्या जोड्या नेल्या. म्हणून रोज टेकाडावर बसून राहते. मी विचारलं, मंगळूनं मला का नाही सांगितलं हे? तर म्हणते, ‘त्ये म्हनले, काका एकटं हायती.’

काय? – हो, सतरा नंबरचं टोकन माझंच. दोनदा पुकारलं, ऐकलं मी. खिडकीवरच्या त्या मुलीनं, ‘तेजस्विनी’ अशी पाटी आहे तिच्यासमोर, मान उंच करून बघितलंही. आता चौतीस चालू आहे. – डिसेंबर संपायला अकरा दिवस. मुकादम या आठवड्यात करेल, किंवा पुढच्या, किंवा करणारही नाही, मुकादमच तो. बदकाचं विचारता? त्या खेळात बदक मरत नाही, मी माहिती काढली. नुसतं झोपतं.

पस्तीस. तुमचं ना? जा, जा, ती तिसऱ्यांदा पुकारत नाही. – नाही, अर्ज तिच्याकडे गेलेला नाही. इथंच आहे, माझ्याकडे. प्रलंबित.