वाटणीत गेलेल्या चार डिस्क

जबाब देणार: वच्छलाबाई जीवराम महाजन, वय बहात्तर (आधार कार्डावर एकोणसत्तर आहे, ते कार्ड काढणाऱ्याने ठरवले), शिक्षण दुसरी, धंदा घरकाम व शेती. राहणार सहा महिने धुळे येथे मोठा मुलगा रतिलाल याच्याकडे आणि सहा महिने एरंडोल येथे धाकटा मुलगा छगन याच्याकडे. पत्ता एकच सांगा म्हणाले, म्हणून एरंडोल, जिल्हा जळगाव.

धुळ्याच्या पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायाने येऊन, कोणी न पढवता, विचारले त्याचे उत्तर देते ते असे.

माझा मुलगा रतिलाल याने तक्रार दिली आहे की त्याच्या धुळे येथील मोटारपंपाच्या दुकानातून कॉम्प्युटरच्या दोन डिस्क चोरीस गेल्या व त्याचा संशय भाऊ छगन याच्यावर आहे. छगनला तीन वेळा हाक मारल्याशिवाय तो जेवायला उठत नाही. तो एरंडोलहून धुळ्याला चोरी करायला येईल, असे त्याला ओळखणारा माणूस म्हणणार नाही. डिस्क मी नेल्या. कशा आणि का, ते आधीपासून सांगावे लागेल.

एरंडोलला आमचे घर एकत्र होते तेव्हा छगनचा मोबाईल विहिरीत पडला. मोटार बघायला वाकला होता. त्यात पोरीसोरींच्या लग्नांचे फोटो होते, ते सगळे गेले. छगनची मुलगी मोनाली जळगावला कॉम्प्युटर शिकते. ती म्हणाली, घरातच एक डबा ठेवू, सगळ्यांच्या मोबाईलमधले फोटो आणि व्हिडिओ आपोआप त्यात जातील. रतिलाल म्हणाला, कंपनीवाले जागा देतात ना. ती म्हणाली, “काका, ते भाडं मागतात. आणि आपलं सामान परक्याच्या कोठीत कशाला?” हे बोलणे मला पटले.

डबा घ्यायला रतिलाल, मोनाली आणि मी जळगावला शेहजाद याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. मी का गेले असे हवालदार साहेबांनी विचारले. रतिलाल बरोबर असला की दुकानदाराची माफी मागायला कोणीतरी मोठे माणूस लागते.

शेहजादने तीन तऱ्हेच्या डिस्क मांडल्या. एक साध्या कॉम्प्युटरची. एक कॅमेऱ्याची, जी दिवसभर फक्त लिहून घेते. एक रात्रंदिवस चालणाऱ्या डब्याची. रतिलालने चौथी शोधून काढली. कोपऱ्यात जुन्या, वापरलेल्या, बिनखोक्याच्या पडल्या होत्या. “याच दे, नवी जुनी सारखीच फिरते,” असे तो म्हणाला. शेहजादने त्यातली एक जोडून दाखवली आणि म्हणाला, “रतिलालभाऊ, ही कोणाच्या तरी ऑफिसात पाच वर्षं न थांबता फिरलीय. तुमच्याकडे आराम करायला येईल.” मोनालीने डब्यासाठीच्या चार नव्या घ्यायला लावल्या.

मग खोके. रतिलालला बाजूने काच असलेले आणि आत रंगीत दिवे फिरणारे आवडले. वरातीतल्या बॅंडच्या गाडीसारखे दिसत होते. त्यात डिस्कला जागा दोनच. मी विचारले, हे बघायचे आहे की वापरायचे. मोनालीने काळे लोखंडी निवडले. मागे मोठा पंखा, पुढे जाळी, जाळी काढून धुता येते. आमच्याकडे उन्हाळ्यात माणूस तापतो तिथे डिस्क तापणार नाही का. चार डिस्कचे चार खण, मूठ धरून ओढला की खण बाहेर. त्या खणांना कुलूप येते, ते वेगळे घ्यावे लागते. मोनाली घे म्हणाली. रतिलाल म्हणाला, “घरातल्या वस्तूला कुलूप कोणासाठी?” म्हणून कुलूप घेतले नाही. हे वाक्य रतिलालचे आहे, असे स्पष्ट लिहावे.

डबा पुढच्या खोलीत, रेडिओच्या जागी ठेवला. लाईट गेली तरी चालावा म्हणून इन्व्हर्टरला जोडला. मोनालीने सगळ्यांना जेवताना बसवून सांगितले की फोटो एका डिस्कमध्ये नसतात, चारही डिस्कमध्ये मिसळून असतात. एक खराब झाली तर उरलेल्या तीन सावरून घेतात. दोन काढल्या तर चारही गेल्या. सगळ्यांनी माना हलवल्या. माना हलवताना त्यांचे लक्ष ताटात होते.

पुढे रतिलालची बायको कोकिळा हिने डब्यावर भरतकामाचे झाकण घातले. पंखा कोंडला आणि डबा ओरडू लागला. माझे यजमान जीवराम म्हणाले, “यानं बी लगीन लायी दिधं का? एवढं कसाले रडी राहिना?” झाकण काढले. डबा गप्प झाला. कोकिळा आठवडाभर बोलली नाही. घरात तेवढीच शांतता.

जीवराम पौषात वारले. त्याबद्दल विचारलेले नाही, म्हणून सांगत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वाटणी झाली. गावातले चार शहाणे बसले. शेत, बैल, भांडी, पाट, जाते, सगळ्याचे दोन भाग. घर छगनकडे गेले, म्हणून डबा छगनकडे, असे एक जण म्हणाला. रतिलाल म्हणाला, “डबा त्याला, मग मला काय?” तेव्हा कोणीतरी उघडून बघितले. आत चार डिस्क. मुलगे दोन. पंचांचे चेहरे उजळले. सकाळपासून पहिली वस्तू अशी निघाली की वाटताना काही उरत नव्हते. दोन इकडे, दोन तिकडे. खण मुठीला धरून ओढायचे तेवढेच काम होते आणि कुलूप तर नव्हतेच.

मोनालीची जळगावला परीक्षा चालू होती. तिला फोन केला तर ती रडली. म्हणाली, “अहो काका, भाकरी आहे का ती अर्धी करायला? कोणालाच काही दिसणार नाही.” रतिलाल म्हणाला, “मला बघायचं नाहीये. माझा वाटा माझ्या घरात पाहिजे.” छगन म्हणाला, “घेऊन जाऊ दे त्याला, मी काय मरतो का.” दोघांनाही आपापल्या दोन डिस्कपेक्षा दुसऱ्याच्या दोन बंद पडतील याचा आनंद जास्त होता. मोनाली म्हणाली, निदान आधी डबा नीट बंद करून मग काढा, म्हणजे पुढेमागे चारही एकत्र घातल्या तर सगळे परत दिसेल. तेवढे छगनने केले.

त्याच बैठकीत मलाही वाटून टाकले. सहा महिने हा, सहा महिने तो. डबा आधी बंद केला होता. मला चालू असतानाच वाटून दिले.

धुळ्याची पाळी आली. रतिलालने त्याच्या दोन डिस्क दुकानाच्या खणात, जुन्या स्विचांमध्ये टाकल्या होत्या. मागच्या सोमवारी दुकानात कॅमेरे लावायला एक मुलगा आला. म्हणाला, मशीनला डिस्क घ्यावी लागेल. रतिलालने खण उघडला आणि म्हणाला, “या घे, घरच्याच आहेत.” त्या मुलाने लॅपटॉपला लावून पाहिल्या. “काका, यात काहीच दिसत नाही. पुसून नव्याने तयार कराव्या लागतील. पुसू?” रतिलाल म्हणाला, “पूस.” पण मुलाकडे वायर कमी पडली. तो म्हणाला, उद्या दुपारी येऊन सगळे एकदम करतो.

मी दुकानात तांदूळ निवडत बसले होते. मी म्हटले, “रत्या, त्या कोऱ्या नाहीत. त्यात तुझे आबा आहेत.” तो म्हणाला, “माय, अर्ध्यात काय दिसतंय? माझ्या वाट्याच्या आहेत, मी काही करीन.” मी विचारले, कॅमेरे कशाला लावतोस. तो म्हणाला, गिऱ्हाईक हात मारते. बाप पुसायचा आणि त्यावर गिऱ्हाइकांचे हात लिहायचे, असा हिशोब होता. मी तांदूळ निवडून पूर्ण केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर रतिलाल चहाला गेला. मी दोन्ही डिस्क नऊवारीच्या फडक्यात गुंडाळल्या आणि ज्वारीच्या बिबड्यांच्या, म्हणजे पापडांच्या डब्यात, बिबड्यांच्या मध्ये ठेवल्या. मोनाली नेहमी सांगायची की या वस्तूला धक्का लागू देऊ नका. बिबड्या मोडल्या तरी खाता येतात. कोकिळाला सांगून निघाले की एरंडोलला जाते. तिने का म्हणून विचारले नाही. दोन महिने बाकी असताना मी जाते म्हटल्यावर ती कशाला विचारेल.

एसटीत मागच्या चाकावरची जागा मी नाकारली. कंडक्टर म्हणाला, “आजी, डबा खाली ठेवा.” मी म्हटले, “खाली तू बस.” एरंडोलपर्यंत डबा मांडीवर होता.

छगनच्या दोन डिस्क काळ्या डब्यातच होत्या. जपून ठेवल्या असे कोणी लिहू नये. काढायचा कंटाळा केला होता. मोनालीला जळगावहून बोलावले, तिने चारही खणात घातल्या आणि डबा सुरू केला. पंखा फिरला. बराच वेळ तिने पाणीसुद्धा घेतले नाही. मग चार हिरवे दिवे लागले. छगन दारात उभा राहून बघत होता. तो म्हणाला, “आता भाऊ येईल भांडायला.” मी म्हटले, येऊ दे, निदान येईल तरी.

रतिलाल आला नाही. इथे आला. तक्रार दिल्याचे कळल्यावर आज मी मोनालीला घेऊन स्वतः हजर झाले.

सदर मुद्देमालात काय होते, असे हवालदार साहेबांनी विचारले. ‘मुद्देमाल’ हा शब्द त्यांचा आहे. मी म्हटले, लग्ने, बारशी, केळीचे घड, कोकिळाचे झाकण घातलेल्या डब्याचा फोटो, आणि जीवरामचा एक व्हिडिओ. शेतात भरीत-पुरीची पार्टी होती तेव्हाचा. मी भरितात मीठ विसरले होते, त्यावरून ते मला बोलत आहेत. बराच वेळ बोलत आहेत. इतके मला आता कोणी बोलत नाही.

साहेब म्हणाले, खात्रीसाठी दाखवा. रतिलाल समोर बाकावर बसला होता. त्याने मान खाली घातली होती व मोबाईलकडे पाहत नव्हता. मोनालीने एरंडोलच्या डब्यातून तिच्या मोबाईलवर व्हिडिओ लावला. जीवरामचा आवाज आला, “वच्छला, मीठ कोठे शे? बठ्ठा मुका बसनात, कोनी बोलस नही.” मग मागून लोकांचे हसणे आले. मग जीवरामांनी मीठ आणायला सांगितले, “रत्या, ऊठ. मीठ लई ये.”

रतिलाल बाकावरून उठून उभा राहिला.

ठाण्यातले सगळे त्याच्याकडे बघू लागले. साहेब म्हणाले, “काय झालं, रतिलालभाऊ?” तो म्हणाला, “काही नाही. पाय आखडला होता.” पण तो लगेच खाली बसला नाही. व्हिडिओ संपेपर्यंत उभाच होता.

डिस्क परत देणार का, असे मला विचारले. दोन देणार नाही. चार देईन, डब्यासकट, ज्याच्या घरी दोघे भाऊ येऊन बसतील त्याच्या घरी. वाटणीत माझा वाटा कोणी काढला नव्हता, तो मी काढून घेतला आहे. खणांचे कुलूप मोनालीने मागवले आहे. किल्ली माझ्याकडे राहील.

हा जबाब साहेबांनी मोठ्याने वाचला, मी कान देऊन ऐकला, मी बोलले तसाच आहे. एका ठिकाणी ‘चोरून नेल्या’ लिहिले होते, ते खोडून ‘घरी नेल्या’ करून घेतले. सही येते, म्हणून अंगठा दिला नाही.

वच्छलाबाई जीवराम महाजन