पिवळी टोपी

फिजिओथेरपिस्टकडे बाकावर माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. लेकीच्या गुडघ्याला पट्टा होता.

"पोहून बाहेर आले तेव्हा तुला किती शोधलं. दिसलीच नाहीस."

"तळ्याच्या काठावरच होते गं."

"मला वाटलं, रागावून घरी गेलीस. पोहणं, सायकल, धावणं, सगळं एका दिवसात; तुला माझी ही शर्यत मुळीच पसंत नव्हती ना. दुपारभर सायकलवर तेच डोक्यात. मग धावतानाही तेच."

"मी तुझ्या टोपीवरून नजर हलवली नाही. पिवळी टोपी. पाण्याखाली गेली की ती वर येईपर्यंत मी आकडे मोजायचे."

"आई, सगळ्यांच्याच टोप्या पिवळ्या होत्या."

"ते मागाहून कळलं. मी जिच्यावर डोळा ठेवला होता, ती टोपी सगळ्यात मागे पडली. मी आपली काठाकाठाने चालतेय, ओरडतेय, 'ये बाळा, आलंच आता.'"

"मग?"

"मग बाहेर आले एक मिशीवाले आजोबा."

"अगं बाई!"

"मी टॉवेल पसरून उभी! म्हटलं, घ्या आता तुम्हीच. ते म्हणाले, 'ताई, तुम्ही हाका मारत होतात म्हणून आलो, नाहीतर दमून मदतीच्या होडीत बसणार होतो.'"

"हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू बोलत होतीस का माझ्याशी? आठवडाभर तोंड फुगवून!"

लेकीने गुडघ्याचा पट्टा सैल करून पुन्हा आवळला.

"पुढच्या वेळी टोपीला लाल फीत शिवून देते."

"रबराची असते ती, शिवता नाही येत... पुढच्या वेळी?"

"मग चिकटवून देते. ऊठ, आपला नंबर आला."