दोघांत एक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पाळकसाहेब, व्यासपीठावर बसलेले कमिटीचे सन्माननीय सभासद, शेजारच्या मंडळीतून वेळ काढून आलेले पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आपले बाइंडरमामा, आणि समोरच्या बंधूंनो, भगिनींनो,

मला दहा मिनिटं मिळाली आहेत. चिटणीसबाईंनी टेबलावरचं घड्याळ माझ्याकडे तोंड करून ठेवलंय. चाळीस वर्षं वकिली केलेल्या माणसाचा दहा मिनिटांत घसासुद्धा साफ होत नाही. पण बाईंपुढे न्यायाधीशही गप्प बसले असते, तिथे माझी काय कथा!

मामांच्या गौरवाचं बोला, असं मला सांगण्यात आलं. बोलतो. पण गौरव करायला उभा राहिलेला माणूस आधी गुन्हा कबूल करणार आहे, हे अध्यक्षांनी पोटात घालावं.

मामा एकतीस वर्षं या चर्चची बायबलं बांधत आले. फाटलेली पाठ काढायची, पानं पुन्हा शिवायची, कापड चिकटवायचं, वर वजन ठेवून रात्रभर सुकवायचं. पाहुण्यांना सांगतो, मामांनी बांधलेलं पुस्तक मांडीवर ठेवलं की सपाट उघडतं. मी एकदा विचारलं, ‘मामा, एवढा खटाटोप कशाला?’ तर म्हणाले, ‘वकीलसाहेब, पुस्तक सपाट उघडलं नाही तर एकाला ओळी दिसतात आणि शेजारच्याला नुसती घडी.’

शेजारच्याला! पुस्तक बांधताना वाचणाऱ्याच्या शेजारी कोण बसलंय याचा विचार करणारा बाइंडर तुम्ही दुसरा पाहिलात का? मी नाही पाहिला.

कारण मामांचा एक नियम होता. उपासनेच्या तासभर आधी ते यायचे आणि बाकांवर पुस्तकं मांडायचे. चौघांच्या बाकावर दोन. दोघांत एक. एका भल्या गृहस्थांनी मंडळीला साठ कोरी बायबलं दिली, तर मामांनी ती कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्या गृहस्थांच्या पत्नी चिडून म्हणाल्या, ‘मामा, कपाटात ठेवून पुस्तकांना पिल्लं होणार आहेत का?’ मामा म्हणाले, ‘जुनं पार संपलं की काढतो ना, ताई.’ आणि जुनं काही संपू दिलं नाही! सगळे त्यांना चिकट म्हणायचे. मीही म्हणायचो.

त्या ‘दोघांत एक’मुळे काय काय झालं, ते इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. दोन जावा होत्या. त्यातल्या एक आज समोरच बसल्यात, म्हणून कोणाकडे बोट दाखवत नाही. सहा वर्षं अबोला. घराचे दरवाजे वेगळे, स्वयंपाक वेगळा. एका रविवारी उशिरा आल्या आणि एकाच बाकावर शेजारी सापडल्या. मध्ये एक पुस्तक. एकीनं धरलं, दुसरी तिरकी मान करून वाचू लागली. पान संपलं. धरणारी पान उलटेना. शेवटी दुसरी पुटपुटली, ‘उलटा की आता.’ सहा वर्षांतला पहिला शब्द! पाळकसाहेबांच्या कुठल्या उपदेशानं हे साधलं होतं, सांगा. रागावू नका साहेब, माझ्याही भाषणांनी साधलं नव्हतं.

आता गुन्हा.

चार वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये सभा झाली. विषय एकच: पुस्तकं ठेवायची की समोरच्या भिंतीवर वचनं दाखवणारा पडदा लावायचा? माझ्या बायकोचे डोळे तेव्हा अधू होत चालले होते. उजवा गेल्यातच जमा, डाव्याला मोठी अक्षरं दिसायची. ती माझ्या उजव्या हाताला बसायची, म्हणजे पुस्तक तिच्या डाव्या डोळ्याकडे येई. मी ओळीखाली बोट फिरवायचो, तिच्या कानाशी हळूच वाचायचो, आणि ती माझ्या अर्धा शब्द मागे म्हणायची. मला तिची दया येत होती. म्हणून मी पडद्याच्या बाजूनं उभा राहिलो. आणि मी उभा राहिलो म्हणजे काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. लेखनाच्या आरंभापासून छापखान्यापर्यंत सगळा इतिहास मी काढला. कातड्याच्या गुंडाळ्या जाऊन पुस्तकं आली तेव्हाही लोक रडले होते, म्हणालो. अक्षराला कागदाचं सोवळं कशाला, म्हणालो.

मामा शेवटच्या रांगेत होते. ते उठले आणि एवढंच म्हणाले, ‘ते सगळं बरोबर आहे. पण मग दोघांत एक कसं करायचं?’

हॉल हसला. आणि मी, चाळीस वर्षं कोर्टात घालवलेला वकील, मी काय म्हणालो? ‘मामा, दोघांत एकचं काय घेऊन बसलात? पडदा सगळ्यांत एक!’

टाळ्या थांबेनात. मामा खाली बसले. ठराव मोठ्या बहुमतानं मंजूर झाला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सोपा खटला. सगळ्यात महाग कोणता म्हणाल, तर तोच.

पडदा आला, बाकांवरची पुस्तकं त्या कुलपाच्या कपाटात गेली. अक्षरं वीतभर. बायको मान वर करून स्वतः वाचू लागली, आणि मला कोण अभिमान! महिना-दीड महिन्यानं घरी जाताना मी म्हणालो, ‘झालं ना मनासारखं?’ ती म्हणाली, ‘अक्षरं छान मोठी झाली हो. पण तुमचं बोट गेलं.’

मी हसण्यावारी नेलं. बायकांचं काहीतरीच, म्हणालो. पुढे दोन वर्षं ती माझ्या शेजारी बसली, वर बघत. मीही वर बघत होतो. तिच्याकडे बघायचं निमित्तच उरलं नव्हतं. मग ती गेली.

शिंपीदादा, तुम्ही पडदा सांभाळता, तुमच्यावर माझा राग नाही. ज्यांचे डोळे अधू झालेत, ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी तो पडदा राहिलाच पाहिजे. तो काढा म्हणणाऱ्याशी मी आजही भांडेन. पण रविवारी उपासना चालू असताना जरा मागे वळून बघा. बाकाच्या एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला दुसरं, आणि मध्ये पिशवी. पिशवीला काय, तीही वर बघते! सरकायची गरजच काय कोणाला? दोन वर्षं मी तिसऱ्या बाकावर बसतोय. माझ्या फोनमध्ये बायबलची चोवीस भाषांतरं आहेत. चोवीस! त्यातलं एकही मला कधी ‘सरका जरा’ म्हणालं नाही.

गेल्या गुरुवारी मामांची बांधाबांध करायला गेलो होतो. मामा मुलीकडे चाललेत, लांब, कायमचे. दाभण, दोरे, सरसाचं भांडं खोक्यात भरताना मी म्हणालो, ‘मामा, त्या सभेचं मनात ठेवू नका.’ तर म्हणाले, ‘तुम्ही बोललात चांगलं. हसलो मीसुद्धा.’ मग बराच वेळ दोऱ्याची रिळं लावत बसले. म्हणाले, ‘मी या गावात आलो तेव्हा बाविशीचा होतो. ओळख ना पाळख. वाचायलाही धड येत नव्हतं. या चर्चमध्ये बसलो, तर एका म्हाताऱ्यानं न बोलता अर्धं पुस्तक माझ्या मांडीवर सरकवलं. वाचलं कोणी? पण मला वाटलं, चला, जागा मिळाली.’

एकतीस वर्षांचा चिकटपणा हा एवढाच होता, मंडळी. आणि तो आम्ही टाळ्या वाजवून बंद केला.

पुढच्या आठवड्यात ते कपाट रिकामं होणार आहे. तिथे ध्वनिक्षेपकाचं सामान ठेवायचंय, आणि पुस्तकं ज्याला हवीत त्यानं न्यावीत, असं ठरलंय. अध्यक्षमहाराज, समारंभात ठराव मांडत नाहीत, हे मला कळतं. पण जो ठराव मी मंजूर करून घेतला, त्यात दुरुस्ती मागतो. पडदा राहू द्या. पुस्तकंही बाकांवर येऊ द्या. आणि प्रत्येकाला एक देऊ नका, हात जोडतो. दोघांत एक द्या.

बाईंचं घड्याळ माझ्यावर रागावलंय. मामा, तुमचे आभार कसले मानू? माफी मागतो, ती मात्र सगळ्यांसमोर, कारण हसवलं होतं सगळ्यांसमोर. तुम्ही मला कपाटाची किल्ली दिलीत. कमिटी काय ते सावकाश ठरवेल. येत्या रविवारी डाव्या रांगेतल्या तिसऱ्या बाकावर एक बायबल असेल, तुमच्या हातचं, सपाट उघडणारं. मी डावीकडे बसेन.

आयोजकांचे आणि तुम्हा सगळ्यांचे आभार. म्हाताऱ्याच्या तोंडून काही अधिक-उणं गेलं असेल, तर ते इथेच, हॉलमध्ये सोडून जा. आणि रविवारी कोणी येणार असेल, तर माझं सांत्वन करू नका, चौकशी करू नका. फक्त म्हणा, ‘सरका जरा.’