जागेवर पाणी आढळले नाही

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, नगररचना कार्यालयातील सर्व लहानथोर अधिकारी आणि कर्मचारी, त्यांच्या घरून आलेल्या माझ्या बहिणी, आणि तिसऱ्या रांगेत बसलेले माझा मुलगा, सून आणि नात, सगळ्यांना माझा नमस्कार.

नवऱ्याच्या निरोप समारंभात बायकोने दोन वाक्यं बोलायची असतात. 'घरी यांचा कसला त्रास नाही' हे पहिलं, आणि 'आता तरी घराकडे लक्ष देतील' हे दुसरं. ती दोन्ही मी बोलले असं समजावं. मी मॅट्रिक झालेली, घर सांभाळणारी बाई. माईकशी माझा संबंध आजवर ऐकणाऱ्यांच्या बाजूचाच. पण सूत्रसंचालक म्हणाले, "वहिनी, साहेब स्वतः बोलायला तयार नाहीत, तुम्हीच बोला." मी यांना विचारलं, "अहो, काय सांगू?" हे म्हणाले, "आभार मान आणि खाली बस." तेवढ्यात बसवता येतं का बघते.

मघापासून प्रत्येक वक्त्याने यांचं टोपणनाव घेतलं आणि प्रत्येक वेळी सभागृह हसलं. बेडूकसाहेब. रागवू नका, आमच्या घरीही हेच नाव चालतं. हे कार्यालयात रुजू झाले तेव्हा शहराच्या आराखड्यात झाडं, पाखरं, पाणी यांचा विचार करणारा माणूस इथे कुणी नव्हता. त्यांना टेबल मिळालं ते जिन्याखाली. जागा बघायला जाताना बाकीचे मोजायची टेप घेऊन जात, हे संध्याकाळी जाऊन नुसते उभे राहत. बेडूक कुठे ओरडतात ते ऐकत. मला सांगायचे, "अगं, बेडूक जिथे अंडी घालतो तिथे पाणी दरवर्षी येतंच. आपल्याला ते दिसो न दिसो. तिथे घर बांधायचं नाही, एवढं जरी शहराने पाळलं तरी पुरे." लग्न नवीन होतं. मला वाटायचं, माणूस भाविक आहे, फक्त देव वेगळा आहे.

आता माझी एक सवय सांगते. मला कागद टाकवत नाही. यांचे रद्द झालेले आराखडे घरी येत, जाड आणि गुळगुळीत. ते मी स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरले. सगळ्यात वरच्या फळीवर पहिला. त्यात निळा रंग एवढा, की डबे तळ्यात ठेवलेत असं वाटावं. त्याखालच्या फळीवर निळं अर्ध्यावर आलं. त्याच्याखाली आणखी कमी. एकदा हे पाणी प्यायला आले आणि साखरेचा डबा उचलून म्हणाले, "हे बघ, कार्यालयाचं नवं सभागृह इथे होणार." डब्याखाली तळं होतं. ते हेच सभागृह. अध्यक्ष महोदयांच्या मागे आज जो सुंदर पडदा लावला आहे, त्याच्यामागच्या भिंतीला दरवर्षी नवा रंग देतात. दरवर्षी ओल वर येते. बाईचं लक्ष भिंतींकडे जातंच, माफ करा.

शेवटी एक ओढा उरला होता. शहराच्या उताराकडचा, पावसाळ्यात वाहणारा आणि उन्हाळ्यात झोपणारा. बाकी सगळं हरले तरी एवढं वाचवून घरी बसेन, असं यांनी मनात धरलं होतं. नव्या आराखड्यात तो ओढा म्हणून दाखवला की त्याच्या अंगावर बांधकाम होणार नव्हतं. अडचण एकच. आपल्याकडे जमिनीची मोजणी उन्हाळ्यात होते, कारण पावसात यंत्रं भिजतात. मोजणीदार दर उन्हाळ्यात जात आणि प्रामाणिकपणे लिहून आणत, 'जागेवर पाणी आढळले नाही.' खोटं कुणीच बोललं नाही. झोपलेल्या माणसाला नाव विचारायचं आणि उत्तर आलं नाही म्हणून तो घरात नाही असं लिहायचं, तसं ते होतं.

हे वर्षानुवर्षं मागत राहिले की एकदा, एकदाच, पावसाळ्यात मोजा. अखेर काही वर्षांपूर्वी मंजुरी मिळाली. आत्ता व्यासपीठावर बसलेल्यांपैकीच कुणीतरी सही केली, त्यांचे आभार मानायला मी विसरणार नाही. त्या दिवशी हे सणासारखे तयार झाले. मी देवापुढे बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे पाऊस मागितला, चांगला भरपूर. देवाने दिलाही. पथक गेलं आणि परत आलं. अहवाल यांनी मला जेवताना वाचून दाखवला. 'जागेवर पाणी साचले असल्याने जागेपर्यंत पोचता आले नाही. सबब मोजणी रद्द. उन्हाळ्यातील नोंद कायम.'

मी हसले. मला वाटलं हे गंमत करतायत. यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "भात वाढ."

तुम्हीच सांगा, याच्यापुढे माणसाने काय करायचं? यांनी अर्ज केले, फेरअर्ज केले. उत्तर आलं की नियमात बसत नाही. ओढा बुजला, वर वसाहत उभी राहिली. आणि त्या वसाहतीत, तळमजल्यावर, आमच्या मुलाने घर घेतलं.

मुलाला मी दोष देत नाही. तरुण संसार, आवाक्यातलं घर तेवढं एकच. वडिलांनी त्याला समोर बसवून सांगितलं, "बाळ, तिथे ओढा आहे." तो म्हणाला, "बाबा, मी तुमच्याच कार्यालयात जाऊन आराखडा बघितला. ओढा नाहीये त्यात." यावर बाप काय बोलणार? स्वतःच्या कार्यालयाचा आराखडा खोटा आहे, असं? हे उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

आता पावसाळ्यात आमच्या नातीच्या खिडकीखाली बेडूक ओरडतात. ती फोन करून सांगते, "आजोबा, तुमचे बेडूक आमच्याकडे आलेत." हे तिला म्हणतात, "नाही गं, ते तिथेच असतात. आलीयस तू." पोरगी हसते. फोन ठेवला की हे छत्री शोधायला लागतात.

परवा कार्यालयातून एक गुंडाळी घरी आली. ओढा दाखवलेला यांचा शेवटचा आराखडा, वर रद्दचा शिक्का. सोबत कुणीतरी प्रेमाने निरोप दिला होता, "वहिनींच्या फळीसाठी." खरंच, आठवण ठेवलीत. पण आमच्या घरात आता फळी शिल्लक नाही. दाराआड उभी करून ठेवली आहे.

मघाशी प्रमुख पाहुण्यांनी विचारलं, साहेब निवृत्तीनंतर काय करणार? शहरासाठी काही करतील अशी आशा आता कुणी ठेवू नये, त्यांनीही सोडली आहे. त्यांचं काम ठरलेलं आहे. पाऊस लागला की मुलाच्या घरी जायचं, गाद्या पलंगावरून माळ्यावर टाकायच्या, नातीची पुस्तकं वरच्या खणात ठेवायची, धान्याचे डबे ओट्यावर चढवायचे. आम्हा दोघांचा हात आता त्यात बसला आहे. सून तर गमतीने म्हणते, "आई, आपण खालचे खण ठेवलेत तरी कशाला?"

बाहेर पत्र्यावर आवाज सुरू झालाय, तुम्हालाही ऐकू येत असेल. मी बोलत असताना हे दोनदा खिडकीपाशी जाऊन आले. तेव्हा आवरते.

ज्यांनी यांना जिन्याखाली का होईना टेबल दिलं, चहा दिला, हसून का होईना ऐकून घेतलं, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याची सवय नसल्यामुळे एखादा शब्द कुणाला लागला असेल तर घरच्या बाईचा समजून पोटात घाला. आणि दोन विनंत्या. ज्यांनी गाड्या मागच्या आवारात लावल्या आहेत त्यांनी त्या आत्ताच पुढे आणाव्यात, तिथे पाणी येतं. यांनी येतानाच मला सांगितलं होतं, मीच म्हटलं, आज नको बोलायला.

दुसरी विनंती, आम्हाला जेवायला थांबवू नका. तिसऱ्या रांगेतली मंडळी उठलीच आहेत. घर तळमजल्यावर आहे.